दोन शाकु

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात
आई बाबांना म्हणाली,
किमोनो ठेवायला कप्पा हवा, दोन शाकु लांब.
बाबांनी मान डोलावली. दोन शाकु.
मुराकामीत तेव्हा बर्फ दाराच्या कडीपर्यंत आलं होतं,
घरात दुसरं बोलायलाही काही नव्हतं.

बाबा सुतार. त्यांचा शाकु लोखंडी काटकोनाचा,
खांब, तुळया, देवळाच्या पायऱ्या मोजणारा.
आई शिवणकाम करायची. तिचा शाकु देवमाशाचा.
फार पूर्वी त्याच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्यांतून
कापडाची मोजपट्टी कापत म्हणे;
आता बांबूची, पण नाव अजून माशाचंच.
आणि हा शाकु बाबांच्या शाकुच्या सव्वापट.
बायको सवाई निघाली, असं पुढे शेजारी म्हणायचे.

कुणाचा शाकु, हे दोघांनीही विचारलं नाही.
नव्या संसारात असं कोण विचारतं?

कप्पा झाला. किरीच्या हलक्या लाकडाचा, एकही खिळा न मारता,
एक आत ढकलला की कोंडलेल्या हवेनं
वरचा आपोआप बाहेर यायचा.
आईनं घडी घातलेला किमोनो त्यात ठेवला
आणि तो कडेवरून खाली लोंबत राहिला.
अर्धा शाकु, बाबा म्हणाले.
चार सुन, आई म्हणाली.
दोघंही बरोबर होते.

बाबा म्हणाले, उद्या दुसरा करतो.
आई म्हणाली, राहू दे,
आणि लोंबणारं टोक आत दुमडलं.
तो उद्या एकेचाळीस वर्षं चालला.

मी तिसरीत असताना मीटर आला.
हिरानुमा सरांनी फळ्यावर लिहिलं:
एक शाकु म्हणजे दहा भागिले तेहतीस.
मी भागत बसले. तीस, मग पुन्हा तीन, शून्य, तीन, शून्य,
पान संपलं, बाकी संपेना.
घरी बाबांना दाखवलं. म्हणाले,
ज्याचा भाग जात नाही त्यानं मी घर कसं बांधायचं?
शाकुच्या पट्ट्या विकायला तेव्हा बंदी आली होती.
नाकाजोंच्या लोखंडी दुकानाच्या मागल्या दारानं
बाबांनी नवा काटकोन आणला,
खारवलेला सामन मासा आणावा तसा वर्तमानपत्रात गुंडाळून.
आईला काही लपवावं लागलं नाही.
तिची पट्टी लग्नाआधीची होती, आणि
शिवणाऱ्या बाईची झडती घ्यायला कोण येणार?

गावातल्या लग्नात, वर्षश्राद्धाला
बायका आईला पाठमोरी ओळखायच्या:
तिच्या प्रत्येक किमोनोवर खाली, पोटरीशी,
एक आडवी घडी, जी दुसऱ्या कुणाच्या नसायची.
ती म्हणायची, हा आमच्या सुताराचा शिक्का.

मी पुढे नागोयाला गेले. कारखान्यात
मिलिमीटरचे शंभर भाग करून रेघा ओढल्या.
एकदा रात्रपाळीला, यंत्र थांबलं होतं तेव्हा,
त्या दोन शाकुंमधली वजाबाकी करून पाहिली.
पंधरा सेंटिमीटर, आणि पुढे पंधरा, आणि पुढे पंधरा,
कुठेच न थांबणारं.
हातानं मोजायचं तर वितीला चार बोटं कमी.

आई गेल्यावर कप्पा भावानं घेतला,
त्यात तो मासेमारीचे गळ ठेवतो.
किमोनो माझ्याकडे आले. मागच्या महिन्यात
राखाडी निळा धुलाईला नेला.
काउंटरवरच्या मुलीनं तो दिव्याखाली धरला,
घडीवरून अंगठा फिरवला,
आणि चांगल्या मनानं म्हणाली, ही खूण जायची नाही,
धागाच तसा झालाय.
मी म्हटलं, नको घालवू. फक्त टोकापासून किती आहे तेवढं बघ.
तिनं टेप लावला. डोळे बारीक केले.
साधारण पंधरा, म्हणाली,
आणि पावतीवर 'डाग' या रकान्यात
पंधरा लिहिलं.